घरच्या घरी मागणी: साताऱ्यात नकळत विचारायचं असेल तर

जर्मनीत वाङ्निश्चयासाठी कायद्यात कलमं आहेत हे इथे आल्यावर कळतं, आणि माणूस थबकतो. इथली नागरी संहिता १९०० पासून लागू आहे. तिचं १२९७ वं कलम सांगतं की दिलेल्या शब्दावर बोट ठेवून कुणी कुणाला लग्नासाठी कोर्टात खेचू शकत नाही. 'ठरलेलं लग्न मोडलं तर इतके पैसे द्यायचे' असा करार केला तरी तो रद्दबातल. १३०१ वं कलम म्हणतं, लग्न झालंच नाही तर एकमेकांना दिलेल्या भेटी परत मागता येतात. वाङ्निश्चयाला अंगठी, साक्षीदार, कागद यातलं काही लागत नाही. दोघांनी एकमेकांना शब्द दिला की झालं. म्हणजे 'नाही' म्हणायची वाट आधी मोकळी ठेवायची आणि मग विचारायचं. हे मनापासून आवडण्यासारखं आहे.

आपल्याकडे मागणी घातली जाते ती मुलीच्या वडिलांना. कांदेपोहे, पसंती, मग सुपारी फुटते, याद्या होतात, आणि त्यानंतर माघार घेणं म्हणजे दोन्ही घरांच्या अब्रूचा प्रश्न. पण त्याच पद्धतीत दोन्ही घरं पाठीशी उभी असतात, हेही तितकंच खरं. इथे चौथ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात सगळं एकट्याने करायचं. जिन्यात पणती ठेवायची नाही, कारण ती सुटकेची वाट. रात्री दहानंतर आवाज नाही. झोपायच्या खोलीत छताला धुराची घंटा, ती तीन मीटरवरून ८५ डेसिबलने ओरडते. मेणबत्ती जळताना ती सहसा गप्प असते, पण घंटेखालीच वीस मेणबत्त्या एकदम फुंकल्या तर तो धूर तिला पुरतो. साताऱ्यात ओटा आहे, परसदार आहे, गच्ची आहे आणि निरोप पोचवायला धाकटी बहीण आहे. म्हणून इथून तीन आठवड्यांची सुट्टी काढून साताऱ्याला जाणाऱ्यांना आग्रहाने सांगावंसं वाटतं, विचारायचं ते घरीच विचारा. फक्त नीट आखा.

सुरुवात अंगठीच्या मापापासून, निदान सहा आठवडे आधी. जिला विचारायचं तिची, ज्या बोटात घालायची त्याच बोटातली अंगठी बहिणीकरवी तासाभरासाठी मिळवा आणि आतला व्यास मोजा. दोरा गुंडाळून माप घेऊ नका; दोरा ताणला जातो आणि माप चुकतं. जर्मनीतला नंबर म्हणजे आतला घेर मिलिमीटरमध्ये. व्यास १७.२ असेल तर नंबर ५४. आपल्या सराफी मापात तोच साधारण १४, म्हणून नुसता आकडा फोनवर सांगू नका, व्यास सांगा. बोटं थंडीत आकसतात, उन्हात फुगतात. इथल्या जानेवारीत घेतलेलं माप साताऱ्याच्या मे महिन्यात पेरावर अडकतं. मग डोळ्यांत पाणी येतं ते कळ लागल्यामुळे.

इथे ५८५ शिक्क्याची, म्हणजे १४ कॅरेटची अंगठी सर्रास चालते. ती घरी नेली की आजी हातावर तोलून बघणार आणि 'यात सोनं किती?' विचारणार. साडेअठ्ठावन्न टक्के, हे खरं उत्तर. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तरी अंगठी साताऱ्याच्या मोती चौकात सराफाकडे करून घेणंच बरं, कारण सैल-घट्ट झाली तर सुट्टी संपायच्या आत दुरुस्त होते. खड्याची असेल तर १८ कॅरेट, ७५० शिक्का. २२ कॅरेट मऊ पडतं, खडा धरणारे काटे वाकतात. हॉलमार्कसोबतचा सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासून घ्या.

आता माणसं. तिच्या आईवडिलांना आधी विश्वासात घ्यायचं, ही साताऱ्यात पाळायचीच गोष्ट. जर्मन मित्र याला परवानगी मागणं समजतात. ती परवानगी नव्हे, तो मान आहे. पण त्यांना स्पष्ट सांगा, 'मी तिला विचारणार आहे, उत्तर तीच देईल.' आदल्या दिवसापर्यंत बेत पाच जणांपलीकडे जाऊ देऊ नका आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षरही नको. सगळी बोलणी फोनवर. साताऱ्याचे रात्रीचे नऊ म्हणजे इथे हिवाळ्यात दुपारचे साडेचार. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं पुढे जातात, मग साडेपाच. त्या आठवड्यात फोनच्या वेळा हमखास चुकतात.

बेत फुटतो तो बहुतेक वेळा उंबऱ्यावरच. दाराशी बारा जोड चपला दिसल्या की तिला सगळं कळतं. उत्तराची वाट बघत वरच्या मजल्यावर थांबणाऱ्या घरच्यांच्या चपला परसदारी नेऊन ठेवा, दुचाक्या पलीकडच्या गल्लीत लावा. शिरा आधीच करून ठेवा. तुपात रवा भाजल्याचा वास फाटकापर्यंत येतो.

खोलीत काय असावं? थोडंच. पंचवीस पणत्या पुष्कळ झाल्या. नव्या पणत्या तीन-चार तास पाण्यात भिजवून कोरड्या करा, नाहीतर तेल माती पिते आणि वात विझते. वाती तेलात आधी भिजवलेल्या हव्यात. गॅसचा ठिणगीचा लायटर यासाठी उपयोगाचा नाही, त्याने वात पेटत नाही. एक लांब मेणबत्ती पेटवा आणि तिने बाकीच्या लावा. ॲल्युमिनियमच्या वाटीतल्या मेणबत्त्या वापरायच्याच असतील तर दोघींत वीतभर अंतर ठेवा. चिकटून ठेवल्या की मेण तापून ज्योत भडकते. शहाबादी फरशी तेल आणि मेण दोन्ही शोषून घेते आणि डाग वर्षानुवर्षं राहतो, म्हणून प्रत्येक पणतीखाली ताटली किंवा केळीच्या पानाचा तुकडा हवाच. गुलाबाच्या ओल्या पाकळ्या चुरगळल्या की त्यांचाही रंग उतरतो. पाव किलो पाकळ्या कोरड्या सुती फडक्यात ठेवा आणि अगदी शेवटच्या अर्ध्या तासात टाका. पंखा बंद करावा लागणार, तेव्हा वेळ सूर्यास्तानंतरची धरा. पावसाळ्यात गच्चीचा विचार सोडून द्या. वीज गेली तर असाव्यात म्हणून सेलवर चालणाऱ्या दिव्यांच्या दोन माळा हाताशी ठेवा.

चित्रीकरणासाठी फोन शेल्फवरच्या पितळी डब्याला टेकवून आडवा ठेवा, विमान मोडवर. नाहीतर ऐन वेळी काकांचा फोन येतो आणि चित्रीकरण तुटतं. अर्ध्या तासाला दोन ते चार जीबी जागा लागते. खिडकी तिच्या पाठीमागे नको, चेहरा काळा पडतो. झालं की तिला दाखवा, तिला नको असेल तर पुसून टाका.

अंगठी शिऱ्यात किंवा कंदी पेढ्यात लपवू नका. घशात अडकते, आणि खड्याखाली साखर बसते ती निघत नाही. डबी उघडताना तिचं तोंड तिच्याकडे हवं, हे आरशासमोर दहा वेळा करून बघा. विचारायचं ते मराठीत. 'माझ्याशी लग्न करशील?' हे तीन शब्द जिभेवर जड वाटतात म्हणून पुष्कळजण इंग्रजीत सटकतात. जड वाटू देत. ज्या भाषेत पुढे भांडायचं आहे त्याच भाषेत विचारा.

आणि खोलीत तेव्हा फक्त दोघंच. चाळीस डोळे रोखलेले असताना विचारलं तर ती 'हो'च म्हणणार, आणि त्या 'हो'ला काही अर्थ उरत नाही. वरच्या मजल्यावर थांबलेल्यांसाठी खूण ठेवा: देवघरातली घंटा एकदा वाजली की खाली यायचं. ती घंटा तिने वाजवायची. अर्धा तास झाला आणि घंटा वाजली नाही, तर सगळ्यांनी मागच्या जिन्याने, चपला हातात घेऊन, न बोलता निघून जायचं. हे आईला आणि मामांना आदल्या दिवशी दोनदा बजावून सांगा. तिला विचार करायला वेळ हवा असेल, तर बहिणीने तिला घरी सोडावं. गाडीत पेट्रोल भरून, किल्ली दाराजवळच्या खुंटीवर लावून ठेवा.