ऑरेंज अलर्ट आणि दहिवडीचा फुफाटा

दहिवडी स्टँडवर मोबाईलवर ऑरेंज अलर्ट आला आणि शेजारचे आजोबा म्हणाले, “ह्यो पाऊस आपला न्हाय, म्हाबळेश्वराचा हाय.” बाहेर फुफाटा उडत होता.

आजोबांचं बरोबर होतं. मेसेज पुढे ढकलताना लोक ‘सातारा, घाट परिसर’मधला ‘घाट’ गाळतात, तिथेच घोळ. समुद्रावरचे ढग सह्याद्री चढताना बहुतेक पाणी घाटातच टाकतात. घाटाच्या आपल्या बाजूला उतरणारी हवा तापते, कोरडी पडते. म्हणून महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिमीच्या वर आणि दहिवडीच्या माण तालुक्यात जेमतेम ५००.

आपला पाऊस आपणच मोजलेला बरा. सरळ कडांचा डबा घ्या (तळाशी निमुळता नको, आकडा फुगतो), झाड-भिंतीपासून लांब ठेवा, रोज सकाळी ८.३० ला आत पट्टी धरा. १ मिमी म्हणजे चौरस मीटरला १ लिटर.

तुमच्याकडे काल किती भरला?