अर्धा रिकामा कारबॉय

होमब्र्यूइंग, म्हणजे घरी बिअर बनवणं, शिकवायला लागून बरीच वर्षं झाली, बिघडलेल्या बॅचेस पुष्कळ पाहिल्या, पण त्या रविवारी पाहिलं ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

सकाळीच एका शिकाऊ मुलाचा फोन. "ताई, बिअर गेली बहुतेक, इन्फेक्शन झालंय. पण अर्धीच गेलीय." अर्धीच? एका बादलीतली, एकाच यीस्टची बिअर अर्धी कशी जाईल? म्हटलं हात लावू नकोस, येते मी.

गेले तर टेबलावर दोन काचेची भांडी शेजारी शेजारी. एक ११ लिटरचं, गळ्यापर्यंत भरलेलं, आतली पेल एल (फिकट रंगाची बिअर) छान सोनेरी. दुसरा १९ लिटरचा कारबॉय, म्हणजे अरुंद गळ्याची मोठी बाटली, त्यात जेमतेम ९ लिटर बिअर, आणि तिचा रंग असा मळकट तपकिरी की एकाच दिवशी उकळलेला वर्ट (यीस्ट टाकण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) आहे हे सांगूनही पटलं नसतं. तीन आठवड्यांपूर्वी त्याने २० लिटर बिअर प्रायमरीतून, म्हणजे पहिल्या आंबवणीच्या बादलीतून काढली, छोटं भांडं भरलं, उरलेली हाताशी होता त्या मोठ्यात ओतली, झालं एवढंच.

आधी इन्फेक्शन आहे का ते बघितलं. वर पापुद्रा नाही, चिकट तार नाही, आंबटपणा नाही. हायड्रोमीटर (बिअरची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजायचं तरंगतं उपकरण) टाकला, दोन्हीकडे १.०१२, ट्रान्सफरच्या दिवशी त्याने वहीत लिहिलेलं होतं तेच. एखादा जंतू आत शिरून साखर खात असता तर ग्रॅव्हिटी खाली गेली असती. मग दोन ग्लास भरले. पहिल्यात हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा वास नाकात भरला. दुसरा ग्लास नाकाशी नेला आणि ओला पुठ्ठा! थोडा शिळ्या मधासारखा गोडसर वास आणि मागून पुठ्ठा, हॉप्स कुठेच नाहीत. इन्फेक्शनबिन्फेक्शन काही नाही, सरळसरळ ऑक्सिडेशन, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनने बिअर बिघडली.

तो म्हणाला, "पण ताई एअरलॉक लावला होता की, दोन दिवस बुडबुडे पण येत होते, म्हणजे सीओटूचा थर बसला असेल ना वर?" हा थराचा समज इतका पक्का बसलेला असतो लोकांच्या डोक्यात की मला दर वेळी पोटतिडकीने बोलावं लागतं. सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, हवेपेक्षा जड आहे हे खरं, पण गॅस एकमेकांत मिसळतात, पांघरुणासारखे पडून राहत नाहीत. आणि ते बुडबुडे फर्मेंटेशनचे नव्हतेच, सायफनने, म्हणजे नळीने ओढून घेताना बिअर हलली म्हणून आत विरघळलेला सीओटू बाहेर पडत होता. त्याने थोडी हवा ढकलली असेल, सगळी नाही. त्यात हा दर तीन-चार दिवसांनी बूच काढून सॅम्पल घेत होता, म्हणजे जे काय थोडं जमलं असेल तेही घालवलं. एअरलॉक, म्हणजे बुचातली ती पाण्याची छोटी झडप, बाहेरची हवा अडवतो, तुम्ही आतच कोंडलेल्या हवेचं तो काय करणार?

कागद घेऊन हिशोब मांडला. १० लिटर हेडस्पेस (बिअरच्या वरची रिकामी जागा), हवेत २१ टक्के ऑक्सिजन, म्हणजे २ लिटरच्या वर, वजनात साधारण पावणेतीन ग्रॅम. ९ लिटर बिअरला वाटला तर लिटरमागे ३०० मिलिग्रॅम. यीस्ट टाकताना वर्टमध्ये आपण मुद्दाम ऑक्सिजन देतो तो लिटरला ८-१० मिलिग्रॅम, आणि तो यीस्ट लगेच संपवतं. इथे यीस्ट तळाशी झोपलेलं, ऑक्सिजन खायला कुणी नाही, मग तो बिअरलाच खातो. कागदाकडे बघून पोरगं गप्पच झालं. (सगळा काही तीन आठवड्यांत विरघळत नाही, पण त्याच्या दहाव्या हिश्शानेही वाट लागते.)

मग विचारलं, नळी कुठे होती? म्हणाला वरून सोडलेली, भांड्याच्या मध्यापर्यंत. म्हणजे बिअर धारेने पडत होती, फेसाळत होती. नळीचं टोक तळाला टेकलेलं हवं, आवाजसुद्धा यायला नको.

पण खरं सांगायचं तर चूक माझीही होती. सात दिवसांनी सेकंडरीत, म्हणजे दुसऱ्या भांड्यात घ्या असं मीच त्याला सांगितलं होतं, मी शिकले तसंच, भांडं केवढं हवं हा विषयच काढला नव्हता. घरगुती २० लिटरला तीन आठवडे तळाच्या यीस्टच्या गाळावर ठेवलं तरी यीस्टचा वास वगैरे लागत नाही, ती भीती मोठमोठ्या टाक्यांतली, जिथे तळाच्या यीस्टवर प्रचंड दाब असतो. साध्या एलला सेकंडरी लागतच नाही. फळं घालायचीत, महिनोन्‌महिने मुरवायचीय, तरच घ्या, आणि मग बुचाखाली दोन बोटं जागा राहील असंच भांडं घ्या. केग (दाब सहन करणारं धातूचं पिंप) असेल तर २ बारपर्यंत सीओटू भरायचा, सोडायचा, पुन्हा भरायचा, दर वेळी ऑक्सिजन एकतृतीयांश उरतो, पाच वेळा केलं की २१ टक्क्यांचा ०.१ टक्क्याच्याही खाली येतो.

छोट्या भांड्यातली त्याने त्याच दिवशी बाटल्यांत भरली. मोठ्यातली ओतून द्यायला निघाला होता, मी थांबवलं, सहा बाटल्या मागून घेतल्या. त्या माझ्या फ्रिजमध्ये आहेत. नवीन कुणी शिकायला आलं की सायफन हातात देण्याआधी एक बाटली उघडते आणि म्हणते, आधी हा वास घे.