सिरपूर: सुरंग टीला भर उन्हात उतरू नका

छत्तीसगडमधल्या, जुन्या देवळांच्या आणि विहारांच्या सिरपूरला दोन तास पुरतात, असं मला तिघांनी सांगितलं होतं. साफ चूक. तिघंही लक्ष्मण मंदिर पाहून परतलेले असणार. त्यांच्या भरवशावर रायपूरहून उशिरा निघालो, कुहरी मोड या फाट्याला महामार्ग सोडून गावात पोचेपर्यंत साडेअकरा झाले. गाडी दिवसभराच्या बोलीवर ठरवलेली, तरी पोचल्यावर चालकाने 'वेटिंग'चे आठशे वेगळे मागितले. परतीची दुसरी सोय नव्हती, दिले. अजून राग गेलेला नाही. निघण्याआधी थांबण्यासकट किती, ते लिहून घ्या आणि निम्मेच आगाऊ द्या.

आता सुरंग टीला. नावातल्या भुयाराच्या मागे लागू नका. पुरातत्त्वज्ञ अरुणकुमार शर्मा यांनी 2006 च्या सुमारास हे टेकाड खणलं, तेव्हा आत निघालं ते सातव्या शतकातलं पंचायतन: उंच जगती म्हणजे चौथरा, तिच्यावर पाच गर्भगृहं, चारांत शिवलिंग, एकात गणपती. वर जायला समोरून सरळसोट पायऱ्या. फोटोत त्या रुंद, देखण्या दिसतात. प्रत्यक्षात सपाट पायरी शोधावी लागते. मधेच ओळ झोळीसारखी खाली गेलेली, पुढे दगड वर उचललेले, एका सांध्यात माझी चार बोटं मुळापर्यंत गेली. उत्खनन करणाऱ्यांनी याचं कारण भूकंप असं दिलंय. तिथे बसून पाहिलं की पटतं, कारण ओळीच्या ओळी एकत्र वाकल्यात, नुसत्या झिजेने असं होत नाही.

चढताना काही जाणवत नाही. उतरताना दीड वाजला होता. पांढरट दगडावरून ऊन डोळ्यांत असं येत होतं की पायरीची कड कळेना. पाऊल आडवं टाकत निघालो, शेवटी अर्ध्या पायऱ्या बसून उतरलो. ट्रेकचे बूट होते म्हणून निभावलं. चपलांवर जाऊच नका, पावसात तर मुळीच नाही. सकाळी उघडल्या उघडल्या आधी हेच करा.

लक्ष्मण मंदिर दुपार कलल्यावर. राजा हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ त्याची राणी, महाशिवगुप्त बालार्जुनाची आई वासटा हिने बांधवलेलं हे विष्णूचं देऊळ. मंडप पडलाय, विटांचं शिखर उभं आहे. भिंतीला नाक लावून पाहा: गवाक्षं, खोट्या खिडक्या विटेतच कोरल्यात आणि नक्षी एका विटेतून दुसरीत जाताना कुठे तुटत नाही. आधी रचलं, मग कोरलं. दारचौकट मात्र दगडी, वर शेषशायी विष्णू, बाजूंना अवतार. विटेत एवढं नाजूक काम मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. तासभर तिथून हललो नाही, पायांतले गोळेही विसरलो.

त्यापायी आनंदप्रभु कुटी विहार पंधरा मिनिटांत उरकावा लागला. मो. गं. दीक्षितांनी 1950 च्या दशकात खणलेला हा बौद्ध विहार, आपल्या माणसाचं काम, आणि मी धावत पाहिला. ते फार लागलं. एक मुक्काम कराच.

दुसरा दिवस बारनवापाऱ्याच्या जंगलात गेला, छान गेला.

नागपूरकरांनी स्वतःची गाडी आणावी, 53 क्रमांकाचा महामार्ग थेट कुहरी मोडापर्यंत आणतो. परतताना रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात थांबा, वासटाचा शिलालेख तिथे आहे.