पट्टी वर चढतीया

"मेस्त्री, आतलं ऑइल वाढतंय बगा. पट्टी वर चढतीया."

आपली डिझेल बुलेट स्टँडला लावता लावता आण्णा एवढंच बोलले. पट्टी म्हणजे इंजिनातल्या ऑइलची पातळी बघायची खुणांची पट्टी. मी दुसऱ्या गाडीचा क्लच उघडून बसलो होतो. मान वर न करताच म्हणालो, "आण्णा, ऑइल जळतं, गळतं, कमी होतं. वाढेल कसं?" त्यावर ते गप्प बसले. मागच्या एप्रिलमधली ही गोष्ट. माझं ते उत्तर अजून माझ्या कानात आहे, म्हणून लिहायला बसलोय.

मिरजेत माझं गॅरेज आहे. वडिलांच्या हाताखाली शिकलो, मग स्वतः उभा राहिलो. तीस वर्षं होऊन गेली. आमच्या भागात लोकांनी एकेक गाड्या जीव लावून ठेवल्या. येझदी तर घरोघरी होती. किक मारून झाली की तीच दांडी वळवायची आणि ती गिअरची दांडी व्हायची. नवा माणूस पाच मिनिटं गिअर शोधत बसायचा. एका डॉक्टरांकडे एन्फिल्डची फँटाब्युलस स्कूटर होती. साठच्या दशकातली स्कूटर, आणि तिला सेल्फ स्टार्टर. हळदीच्या पेठेत तीनचाकी टेम्पो यायचे. त्यांचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन पुढच्या एकुलत्या चाकाच्या डोक्यावरच बसवलेलं असायचं, त्यामुळे ड्रायव्हर इंजिनशेजारी भाजून निघायचा. टेम्पो हे मुळात हॅम्बुर्गच्या कंपनीचं नाव. आज आपण माल वाहणाऱ्या कुठल्याही छोट्या गाडीला टेम्पो म्हणतो, ते त्या तीनचाकीमुळे. आणि इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी तर 'मीरा' नावाची अख्खी छोटी मोटार स्वतः डोकं लढवून तयार केली होती. ती कारखान्यात बनून बाजारात आली नाही याची हळहळ आमच्या वडिलांच्या पिढीतल्या मेकॅनिकांना शेवटपर्यंत होती.

पण या सगळ्यांत मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो डिझेल बुलेटचा. कागदावर तिचं नाव टॉरस. एन्फिल्डनं बुलेटच्या फ्रेममध्ये ग्रीव्ह्ज-लोंबार्डिनीचं 325 सीसीचं डिझेल इंजिन बसवलं. विहिरीवरच्या पंपाला, छोट्या यंत्रांना चालतं त्या जातीचं, एक सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं. ताकद साडेसहा हॉर्सपॉवर. त्या काळच्या पेट्रोलच्या 350 बुलेटला 18 असायची, म्हणजे जवळपास तिप्पट. ताशी साठ-पासष्टच्या वर ती जायची नाही. वजन दोनशे किलोच्या घरात. पण लिटरला सत्तरच्या वर किलोमीटर देणारी बुलेट म्हटल्यावर शेतकऱ्याला आणि दूधवाल्याला दुसरं काय पाहिजे? नव्वदच्या दशकात आमच्याकडे दहा-बारा तरी नेमानं यायच्या. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि ती बंद पडली. मग बऱ्याच मेकॅनिकांनी त्यांतली डिझेल इंजिनं उपटून पेट्रोलची बसवली. आरटीओच्या परवानगीशिवाय असं करता येत नाही हे माहीत असून केलं. आता पुण्या-मुंबईची पोरं त्याच गाड्या 'ओरिजिनल' आहेत का म्हणून विचारत फिरतात. गाडीची किंमत ती राबत होती तेव्हा करायला हवी होती.

आण्णा कवठेमहांकाळ तालुक्यातले. पंचवीसेक वर्षं त्यांनी या गाडीच्या दोन्ही बाजूंना चाळीस चाळीस लिटरचे कॅन अडकवून डेअरीला दूध घातलं. आता दूध मुलगा पिकअपमधून नेतो, पण आण्णा गाडीवर मळ्यात जातात. तक्रार अशी होती की गाडी सकाळी लवकर चालू होत नाही, चढाला दम खाते आणि ऑइल वाढतंय. पहिल्या दोन तक्रारी मी ऐकल्या.

टॅपेट बघितले, सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारा नोझल काढून साफ केला, हवेचा फिल्टर मातीनं माखला होता तो धुवायला काढून ठेवला. ऑइलची पट्टी ओढली. पातळी खुणेच्या चांगली वर होती. मला वाटलं, गावाकडं कुणीतरी जास्त ओतलंय. फडक्यानं पट्टी पुसली आणि परत घातली. आमच्या धंद्यातली शिस्त अशी की ऑइल गरम करून काढायचं. इंजिन पाच-दहा मिनिटं चालवलं की ऑइल पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर पडतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या आठवड्यात मी हेच शिकवलंय. म्हटलं, चालू करू, गरम होऊ दे, मग काढू.

सिलिंडरमधला दाब सोडणारी डीकॉम्प्रेशनची दांडी दाबून इंजिन मोकळं फिरवलं, सोडली, किक मारली. तिसऱ्या किकला धरलं. तो ठोका ज्यानं ऐकलाय त्यालाच कळेल. बुलेटचा घुमणारा आवाज नाही, विहिरीवरच्या इंजिनासारखा कोरडा, एकसुरी ठोका. दोन-तीन मिनिटं सुरळीत चाललं. मग ठोके जवळ जवळ येऊ लागले. मी ॲक्सिलरेटर बघितला, तो पूर्ण बंद. आवाज चढतच गेला. सायलेन्सरमधून निळसर पांढरा धूर निघाला आणि बघता बघता समोरची गल्ली दिसेना. स्टॉपची दांडी ओढली. काही नाही. डिझेलचा कॉक बंद केला. काही नाही.

पेट्रोलच्या गाडीला चावी फिरवली की प्लगची ठिणगी बंद होते आणि इंजिन मरतं. डिझेलला ठिणगी लागतच नाही. सिलिंडरमध्ये हवा दाबून तापते आणि तिच्यात तेलाचा फवारा आला की तो पेटतो. मग ते तेल टाकीतलं आहे की इंजिनच्या पोटातलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ते आपलंच ऑइल पिऊन पळत होतं. जेवढं पळेल तेवढं जास्त ऑइल आत खेचत होतं, आणि जेवढं खेचेल तेवढं जास्त पळत होतं. मधल्या स्टँडवर उभी असलेली दोनशे किलोची गाडी थरथरत फरशीवरून सरकायला लागली. माझा पोऱ्या हँडल धरायला धावला, त्याला मी दंडाला धरून मागं ओढलं. इंजिन फुटलं तर पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड केस फोडून बाहेर येतो. तो कुणाच्या पोटात शिरेल सांगता येत नाही.

खरं सांगतो, त्या क्षणी मला काही सुचलं नाही.

"वारा कोंडा त्येचा! वारा!" आण्णा ओरडले. मला कळेपर्यंत ते खाली वाकले होते. पायातलं पायताण काढलं, फिल्टर काढल्यामुळं उघड्या पडलेल्या हवेच्या नळीच्या तोंडावर त्याचा तळ सपाट बसवला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. जाड कातड्याचा तळ नळीनं आत ओढून घेतला, तसा आवाज घुसमटला. तीन-चार आचके दिले आणि इंजिन बंद पडलं.

सत्तरी ओलांडलेला माणूस. एक पाय अनवाणी, धुरानं डोळ्यांतून पाणी येत होतं. म्हणाले, "आमच्या हिरीवर असंच एक इंजान सुटलं हुतं. माझ्या भावानं हात लावला हुता." पुढं बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

गाडी थंड झाल्यावर ऑइल काढलं. डब्यात पडलं तेव्हाच कळलं. पाण्यासारखी धार, आणि वास सरळ डिझेलचा. वर्तमानपत्राच्या कागदावर एक थेंब टाकला. मध्ये काळा ठिपका राहिला आणि भोवती फिकट कडं पसरत पसरत रुपयाच्या नाण्याएवढं झालं. निव्वळ ऑइल एवढं कडं टाकत नाही. म्हणजे नोझलला डिझेल पुरवणाऱ्या पंपातून डिझेल गळून खाली ऑइलमध्ये जात होतं आणि पातळी रोज थोडी थोडी वर येत होती. आण्णा म्हणाले होते ते अक्षरशः तसंच होतं. ऑइल वाढत होतं.

त्यात आणखी एक होतं. क्रँककेसचा, म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारा, ब्रीदर पाइप पूर्वी कुणा मेकॅनिकनं हवेच्या नळीत जोडून दिला होता, पँटीवर ऑइल उडतं म्हणून. तेवढ्यानं पँट वाचली, आणि पातळ झालेल्या ऑइलच्या वाफेला थेट सिलिंडरचा रस्ता मिळाला. असली जोडकामं बघितली की माझं डोकं उठतं. गिऱ्हाइकाची एक कुरकुर थांबवायची आणि दुसरा धोका न सांगता त्याच्या गळ्यात बांधायचा.

पंप घेऊन सांगलीला गेलो. तिथं नोझल-पंपाचं काम करणारे एक चाचा आहेत. या पट्ट्यात त्यांच्यासारखा हात नाही. त्यांनी एलिमेंट काढून उजेडात धरला. एलिमेंट म्हणजे पंपातला छोटा दट्ट्या आणि त्याचं नळकांडं. दोन्ही एकमेकांवर घासून इतके बेमालूम जुळवलेले असतात की एकाचा दट्ट्या दुसऱ्याच्या नळकांड्यात चालत नाही. त्यावर उभ्या चरा पडल्या होत्या, नखाला लागत होत्या. "निम्मं डिझेल नोझलला जातंय, निम्मं खाली," चाचा म्हणाले. म्हणूनच सकाळी चालू व्हायला त्रास, म्हणूनच चढाला दम. तिन्ही तक्रारी एकाच जागी येऊन मिळत होत्या, आणि त्यातली मुख्य तक्रार मी उडवून लावली होती.

नवीन एलिमेंट मिळाला नाही. एका जुन्या पंपसेटच्या इंजिनातला चाचांनी तपासून दिला. इंजिन उघडलं तर रॉडच्या बेअरिंगांचा मुलामा पुसला जाऊन खालचं तांबं दिसत होतं. पिस्टनला एका बाजूनं ओरखडे होते. क्रँक मात्र वाचला, पॉलिशवर भागलं. रॉड सरळ आहे का ते दोनदा तपासून घेतलं. बेअरिंग आणि रिंगा नवीन टाकल्या, ब्रीदर बाहेर सोडला. आठ दिवस मी दुसरी गाडी हातात घेतली नाही.

इंजिन जोडताना पट्टी हातात आली. या वेळी नीट बघितली. कंपनीच्या वरच्या खुणेच्या वर कानशीनं मारलेल्या तीन बारीक रेघा होत्या, एकापेक्षा एक वर. आण्णांना विचारलं. म्हणाले, "दर आठवड्याला मारत हुतो. तुमास्नी दाखवायला." त्या रेघांवरूनच मी त्या दिवशी फडकं फिरवलं होतं.

मजुरी घेणार नाही म्हणालो तर ऐकेनात. "पंप माझा झिजला हुता. तुमी काय मुद्दाम केलं?" शेवटी सामानाचे पैसे घेतले आणि मजुरी निम्मी. ती निम्मी घेतली तेही मला बरं वाटत नाही.

आमच्या लाइनमधले काही जण म्हणाले, गिऱ्हाइकं काहीही सांगतात, सगळं ऐकत बसलो तर दुकान कधी चालवायचं. मीही वर्षानुवर्षं हेच बोलत आलो. पण पंचवीस वर्षं एकच इंजिन मांडीखाली असलेल्या माणसाला त्याचं जे कळतं, ते मला अर्ध्या तासात कळेल असं मी कशावरून धरून चाललो?

बसवलेला हा जुना एलिमेंट किती दिवस टिकेल याची खात्री मी दिलेली नाही. म्हणून दर रविवारी सकाळी आण्णा पट्टी बघतात आणि मला फोन करतात. एवढे महिने "जाग्यावर हाय" म्हणून फोन ठेवायचे. परवाच्या रविवारी म्हणाले, "मेस्त्री, अर्धी रेघ वर हाय." मी किक मारू नका म्हणालो, मुलाला सांगून गाडी टेम्पोत घालून आणा. उद्या येताहेत. ऑइल थंडच काढणार आहे.