आधी वेळ विचार, मग नाव

जिल्हा न्यायालयाच्या आवारात माझं टेबल आहे. आधी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप. परवा पारडीकडची एक बाई आली.

"पोराले काल दुपारून नेलं जी. घरी नाही आला, कोर्टातबी नाही आनला. काही लिहून द्या ना."

"किती वाजता नेलं?"

"जेवून उठला होता."

आमचे वकीलसाहेब सांगतात, आधी वेळ विचार, मग नाव. खोदून विचारल्यावर दीड निघाला. तेव्हा वाजले होते सव्वाअकरा. म्हणजे पोलिसांकडे अजून सव्वादोन तास होते. अटकेपासून 24 तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, माणसाला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, हे घटनेच्या 22 व्या कलमात लिहिलंय. अर्ज आत गेला आणि एकच्या सुमारास पोराला आणलं. त्या दिवशी जामीन झाला नाही, म्हणून बाई माझ्यावरच चिडली. मला मात्र बरं वाटलं. पोरगा कुठे आहे, कोणत्या गुन्ह्यात आहे, हे आता कागदावर आलं होतं. जुलूम करणाऱ्याला कागद आणि घड्याळ, दोन्ही आवडत नाहीत.

हे मी बाबांकडून शिकलो. ते हायकोर्टातल्या एका वकिलांचे मुन्शी. आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवणाऱ्या कायद्याखाली, धरलेल्यांचे अर्ज त्यांनी रात्र-रात्र टाइप केले. अटक कायद्याला धरून आहे की नाही ते आम्ही तपासू, असं आपल्या नागपूर खंडपीठासह बऱ्याच उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं. मग 28 एप्रिल 1976 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला : चार विरुद्ध एक. हक्कांसाठी कोर्टात जाणं थांबवणारा राष्ट्रपतींचा आदेश असताना अटकेविरुद्ध दाद मागता येत नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात गेले. पुढे सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावललं, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. बाबा एवढंच म्हणायचे, "त्या वर्षी कार्बन पेपर लई वाया गेला." 2017 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल चूक ठरवला. तोवर बाबा नव्हते.

लोक घटनेला भिंत म्हणतात. ती भिंत तेव्हा जागेवरच होती की! 22 व्या कलमाचा एक शब्द हलला नव्हता. दाराला कुलूप लागलं होतं, एवढंच. म्हणून 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने घातलेल्या अटी मला भाषणांपेक्षा मोलाच्या वाटतात. आणीबाणीसाठी 'अंतर्गत अशांतता' पुरत नाही, सशस्त्र बंड हवं. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा. संसदेची मंजुरी महिन्याभरात हवी, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा. जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क देणारं 21 वं कलम तर आता आणीबाणीतही थांबवता येत नाही. शिक्षेबाबत संरक्षण देणारं 20 वंही नाही. 22 वं मात्र त्या यादीत नाही बरं का, माझं चोवीस तासांचं!

आणि त्याच 22 मध्ये एक भोक आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेला, म्हणजे पुढे काही करेल या संशयावरून आधीच डांबण्याला, चोवीस तासांची अट लागू नाही. डांबणं योग्य आहे का ते तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढे न जाता तीन महिने ठेवता येतं. 44 व्या दुरुस्तीने तिनाचे दोन केले, संसदेने मंजूरही केलं, पण दुरुस्तीतलं ते कलम लागू करण्याची अधिसूचना आजवर निघालेली नाही. आमच्या आवारात कागद अडकला, तर निदान कोणत्या बाबूच्या टेबलावर आहे ते चहावाला सांगतो.