जपानी सुपरमार्केटात व्हेज शोधताना गेलेला पाऊण तास

"सुपरमार्केटात जाणं ही काय अनुभव म्हणून लिहायची गोष्ट आहे का," असं नवरा म्हणतोय, पण तो त्या संध्याकाळी हॉटेलवर घोरत पडला होता. क्योतोत एका शेल्फसमोर पाऊण तास मी उभी होते आणि आई दर पाच मिनिटांनी फोन करून "मिळालं का गं काही?" विचारत होती. त्यामुळे मी लिहिणारच.

आम्ही तिघं गेलो होतो, मी, नवरा आणि आई. आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. व्हिसा, विमान, शिन्कान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन सगळं व्यवस्थित झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पहिले तीन दिवस तोक्योत निशिकासाईला मावसभावाकडे होतो, तिथे भारतीय लोक इतके आहेत की तूरडाळीपासून हिंगापर्यंत सगळं मिळतं, वहिनी रोज पोळ्या करत होती, त्यामुळे आपण जपानमध्ये आहोत हे पोटाला कळलंच नव्हतं. निघताना दादा म्हणाला, "क्योतोला सुपरमार्केटमधनं घे, कॉन्बिनीपेक्षा स्वस्त पडतं." कॉन्बिनी म्हणजे तिथली चोवीस तास उघडी असणारी छोटी दुकानं. हे खरं आहे. पुढचं त्याने सांगितलं नाही, कारण तो स्वतः सगळं खातो.

आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं मस्त गेली. भाज्या इतक्या स्वच्छ की कुणीतरी आंघोळ घालून ठेवल्यासारख्या. भेंडीला तिथे ओकुरा म्हणतात, आठ-दहा भेंड्या जाळीच्या पिशवीत. हिरवी मिरची समजून जी उचलली ती शिशितो निघाली, बहुतेक वेळा तिखट नसतेच. किमतीच्या पट्टीवर दोन आकडे असतात, मोठा दिसतो तो बऱ्याचदा कराआधीचा आणि बारीक अक्षरातला कर धरून, खाण्याच्या वस्तूंवर ८ टक्के आणि दारूवर १० टक्के. नवऱ्याच्या बिअरचा हिशोब माझा चुकला तो इथेच.

मग आईसाठी जेवण. मी मनात ठरवलं होतं, नूडल्सचा कप किंवा मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) सूपचं पाकीट, गरम पाणी घातलं की झालं. आणि इथून सगळं अडकलं.

एक पाकीट घेतलं, चित्रात तोफू आणि कांद्याची पात. फोनचा कॅमेरा लावून भाषांतर केलं तर हात जरा हलला की शब्द बदलायचा, एकदा "अर्क" आला, मग "सार", मग नुसतंच "बोनिटो". हा बोनिटो म्हणजे कात्सुओ मासा. तो उकडून, धूर देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात आणि त्याच्या किसाचं पाणी म्हणजे दाशी. आपण फोडणीत हिंग घालतो तितक्या सहज ते लोक दाशी घालतात. हिंग घातलाय हे आपण कुणाला मुद्दाम सांगत नाही ना, तसंच त्यांचंही. मिसोच्या डब्यातसुद्धा "दाशी-इरी" असा प्रकार असतो, म्हणजे मासा आधीच आत. त्यात हा कात्सुओ तीन लिप्यांत लिहितात, हिरागानात, काताकानात आणि कांजीत, एक ओळखायला शिकलात तर पुढच्या पाकिटावर दुसरा.

तिथल्या एका मुलाला गाठलं, विशीतला असेल, माल लावत होता. म्हटलं "निकू नाशी?" म्हणजे मांस नसलेलं. तो आनंदाने मला घेऊन गेला आणि कोळंबीचं चित्र असलेला कप हातात दिला. चूक माझीच, निकू म्हणजे फक्त मांस, मासे त्यात येतच नाहीत. मग "साकाना नाशी?" म्हटलं, मासाही नको. बिचाऱ्याने माल तसाच खाली ठेवला, पाकिटामागची यादी बोट फिरवत अक्षर न् अक्षर वाचली आणि दोन्ही हातांची फुली केली. दुसरं पाकीट, परत फुली. सहा पाकिटं, सहा फुल्या. बटाटा-गाजराचं चित्र असलेली करीची वडी, जी मला शंभर टक्के व्हेज वाटत होती, तिच्यात गाय आणि डुक्कर दोघांची चरबी. इनारी म्हणजे तोफूच्या पिशवीतला भात, ती पिशवीसुद्धा दाशीत शिजवलेली. नात्तो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, तर त्याच्यासोबतच्या सॉसच्या पुडीत कात्सुओ. मला त्या मुलाचा राग येत नव्हता, तो माझ्यापेक्षा जास्त घाम गाळत होता. राग येत होता तो त्या चित्रांचा, पुढे पालेभाजी आणि मागे मासा!

ॲलर्जीचा तक्ता बघून ठरवा असं मला कुणीतरी आधी सांगितलं होतं, ते अजिबात करू नका. त्यात अंडं, दूध, गहू, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा हे सक्तीने लिहितात, पण मासा किंवा डुक्कर लिहायची सक्ती नाही. म्हणजे तक्ता कोरा असला तरी आत काहीही असू शकतं. मागची घटकांची यादीच वाचावी लागते.

मी इतकी घाबरले की ब्रेडसुद्धा परत ठेवला, कारण त्यावर मला गाईचं अक्षर दिसलं. शेवटी दादाला व्हिडिओ कॉल केला, तो ऑफिसमधून निघत होता. "अगं वेडे, गाईच्या पुढे दुधाचं अक्षर आहे ना, म्हणजे दूध झालं!" मग त्याने फोनवरच शिकवलं. मांसाचं अक्षर म्हणजे खालून उघडा डबा आणि आत एकाखाली एक दोन माणसं. माशाच्या अक्षराला खाली चार टिंबं, पण टिंबं दिसली की पाकीट ठेवून द्यायचं असंही नाही, ती इतर अक्षरांनाही असतात. आणि दुधाची एक युक्ती सांगितली जी मला फार आवडली, एक लिटरच्या कागदी खोक्याच्या वरच्या कडेला अर्धगोल खाच असली तर ते साधं दूध. न दिसणाऱ्यांना हाताने कळावं म्हणून ती खाच ठेवलेली असते, फ्लेवरवाल्या दुधाला नसते. मला दिसत असून मी निरक्षर, माझी त्या खाचेने सोय झाली.

"आता नूडल्स सोड," दादा म्हणाला, "पांढरं ते घे." शिजवलेल्या भाताचा २०० ग्रॅमचा डबा, ५०० वॉटला दोन मिनिटं, हॉटेलच्या लॉबीत मायक्रोवेव्ह बऱ्याचदा असतो. प्लेन योगर्टचा डबा, साखर नसलेला. त्या मुलाला दोन्ही दाखवले, त्याने वाचले आणि डोक्यावर हात नेऊन मोठा गोल केला. मी जवळजवळ टाळ्या वाजवल्या.

पैसे देणं सोपं आहे. बाई स्कॅन करते आणि पैसे बाजूच्या मशीनमध्ये भरायचे. सुट्टी नाणी मोजत बसू नका, मूठभर त्याच्या तोंडात ओता, ते मोजून घेतं (५ येनच्या नाण्यावर इंग्रजी आकडाच नाही, भोक असलेलं पिवळं ते ५). फक्त बाईने काहीतरी विचारलं त्यावर मी रुबाबात "दाइजोबू" म्हटलं, मला वाटलं ठीक आहे, चालेल. तर तिथे त्याचा अर्थ नको, असू दे. ती पिशवी हवी का विचारत होती. दही जॅकेटच्या खिशात, भाताचे तीन डबे छातीशी धरून परत आले. पिशवी घरूनच न्या, २०२० पासून तिथे पिशवीचे पैसे लागतात.

हां, आणि साडेसातनंतर जाल तर तयार जेवणावर सवलतीचे स्टिकर लागतात, "२ वारी" म्हणजे २० टक्के कमी, "हांगाकू" म्हणजे अर्धी किंमत. नवऱ्यासाठी अर्ध्या किमतीत सुशी घेतली, ती निवडायला मला एक मिनिट लागलं.

आईने बॅगेतून मेतकूट आणि लिंबाचं लोणचं काढलं, दहीभात कालवला आणि दोन घास झाल्यावर म्हणाली, "दही जरा आंबट हवं होतं गं." नवरा सुशी संपवत म्हणाला, "एवढ्यासाठी पाऊण तास?"