फुकटची माती

2023 च्या मे महिन्यात मी कचरा डेपोवरून सहा ट्रॉल्या माती आणली. फुकट. डिझेल तेवढं माझं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे वर्षभर ज्या ज्या साहेबासमोर उभा राहिलो, त्याने पहिला प्रश्न हाच विचारला: "पण आणली कोणी?"

आमची दीड एकर सीताफळाची बाग डेपोला लागूनच आहे. नगरपरिषदेने जुन्या कचऱ्याच्या डोंगराचं बायोमायनिंग काढलं होतं. डोंगर उकरायचा, मोठ्या फिरत्या चाळणीत टाकायचा, प्लॅस्टिक-चिंध्या एकीकडे, दगड-विटा दुसरीकडे, आणि खाली पडते ती बारीक काळीभोर माती. ठेकेदाराला ती हटवायची होती, आम्हाला हवी होती. मुकादम म्हणाला, "भाऊ, पंचवीस वर्षांचं कुजलेलं खत आहे, विकत मिळायचं नाही." एका छापील कागदावर सही घेतली. मी वाचला नाही. त्याच आठवड्यात शाळेच्या मैदानावरही तीच माती पडली. मैदानात पाणी साचायचं, म्हणून भराव टाका असा अर्ज आम्ही गावकऱ्यांनीच केला होता.

जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले. माती बसली आणि तिच्या पोटातलं वर आलं. बायको आळी खुरपायला गेली होती, ती भरलेलं घमेलं घेऊन परतली आणि अंगणात ओतलं. बांगड्यांच्या काचा, गोळ्यांची रिकामी पाकिटं, सेलमधल्या काळ्या कांड्या, ट्यूबलाइटची टोपणं. "ह्याला खत म्हणतात होय?" एवढंच म्हणाली. शाळेतल्या मुलांना तर एक सुई सापडली. मुख्याध्यापिका बाईंनी त्याच दिवशी मैदानाला दोरी बांधली आणि खेळाचा तास वर्गात घेतला. या सगळ्या प्रकरणात कोणाच्या आदेशाची वाट न पाहता काही करणारी तेवढी एकच व्यक्ती मला दिसली.

मी अर्ज लिहिला, आवक-जावकला दिला, पोहोच घेतली. त्या वेळी नगरपरिषदेवर प्रशासक होते, नगरसेवक नव्हतेच, म्हणजे दारात जाऊन भांडायलाही कोणी नाही. स्वच्छता निरीक्षकांनी मात्र बसायला खुर्ची दिली आणि कपाटातून एक रिपोर्ट काढला. "मातीची तपासणी झालेली आहे काका. बघा, सेंद्रिय कर्ब अत्यंत भरपूर."

रिपोर्ट खोटा नव्हता. सामू, क्षारता, कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, सगळं होतं. पण माझ्या घरी मृदा आरोग्य पत्रिका आहे. तिच्यात बारा गोष्टी असतात आणि त्या पिकाला काय हवं ते सांगतात. शिसं, कॅडमियम, पारा त्यात नसतात, कारण शेतात ते असतील असं कोणी धरतच नाही. पंचवीस वर्षं भाजीचा कचरा कुजलेल्या जागी कर्ब भरपूर निघणारच की! विचारलं काय, तपासलं काय!

माझा भाचा कृषी पदवीधर आहे. त्याने फोनवर घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 काढून वाचून दाखवले. कचऱ्यापासून केलेल्या कंपोस्टला तेव्हा लागू असलेल्या त्या नियमांत मर्यादा घातल्या होत्या, किलोमागे मिलिग्रॅममध्ये: शिसं 100, कॅडमियम 5, क्रोमियम 50, निकेल 50, जस्त 1000, पारा 0.15. खत म्हणून माती वाटली असेल तर ही कसोटी लावा, असं आम्ही ठरवलं. माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांची मर्यादा, एकच विषय. मागितलं दोनच: जड धातूंचे तपासणी अहवाल, आणि त्या मातीचा प्रमाणित नमुना. नमुना मागता येतो हे मलाही तोवर ठाऊक नव्हतं. माहिती अधिकार म्हणजे कागदच मागायचे असं आपण समजतो, पण 2005 च्या कायद्यात साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे.

तीस दिवस गेले, उत्तर नाही. वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. सुनावणी दहा मिनिटांची. अहवाल "उपलब्ध नाही" आणि नमुना "संयुक्त पाहणीत देण्यात येईल".

पाहणीच्या दिवशी दोन कर्मचारी आले. एकाने मैदानाच्या कोपऱ्यात खुरप्याने वरची मूठभर माती पिशवीत भरली आणि गाठ मारायला लागला. मी म्हटलं, थांबा. उसाला खत किती टाकायचं ते ठरवायला आम्ही याहून नीट नमुना काढतो! नागमोडी चालत आठ-दहा जागा धरायच्या, वरचा काडीकचरा सारायचा, वीतभर खोल तिरका खड्डा घ्यायचा आणि कडेची पातळ काप काढायची. सगळं एकत्र करून चार वाटे, समोरासमोरचे दोन फेकायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे, अर्धा किलो राहीपर्यंत. घमेलं प्लॅस्टिकचं हवं. पत्र्याच्या घमेल्यात कालवलं तर जस्त मातीचं की घमेल्याचं, कोण सांगणार? बिचारे कर्मचारी वाईट नव्हते, त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. दोन तास लागले. पिशव्यांना सील, पंचांच्या सह्या, एक जोड माझ्याकडे.

भाच्याने आणखी एक हट्ट धरला होता: बांधापलीकडची, जिथे डेपोची एक पाटीही पडलेली नाही अशी माती वेगळी घ्या. मला ते उगाच खर्च वाढवणं वाटलं. तपासणी मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत, पैसे माझे. पण रिपोर्ट आल्यावर त्या एका पिशवीनेच प्रकरण तरलं. क्रोमियम आणि निकेल दोन्हीकडे 50 च्या वर होतं, डेपोच्या मातीत आणि माझ्या आज्याने कसलेल्या रानातही! आपली काळी माती बेसॉल्टची, हे धातू तिच्यात मुळातच जास्त असतात. ती पिशवी नसती तर मी क्रोमियम-क्रोमियम म्हणून ओरडलो असतो आणि पहिल्याच बैठकीत तोंडावर पडलो असतो. शिसं आणि जस्ताचं मात्र तसं नव्हतं. बांधापलीकडे नगण्य, डेपोच्या मातीत मर्यादेबाहेर.

हे दोन कागद शेजारी ठेवून मी महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिनाला गेलो. नगरपरिषदेचं म्हणणं होतं की मर्यादा कंपोस्टची आहे, भरावाच्या मातीची नाही. मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. मी म्हटलं, मग मुकादम खत म्हणून का वाटत होता? समोरच्या साहेबांनी दोन्ही कागद उलटसुलट पाहिले आणि विचारलं, "मुलं खेळतात तिथे?" त्यानंतर फार बोलणं झालं नाही. दिवाळीच्या सुट्टीत मैदानावरची फूटभर माती खरवडून डेपोवर परत गेली, वर मुरूम पडला. मातीवाटप बंद झालं. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे लोक आमच्या विहिरीच्या पाण्याचा नमुनाही घेऊन गेले. क्षार जास्त, धातू नाहीत. तेवढं हायसं वाटलं.

पुढे जुलै 2025 मध्ये केंद्राचे दूषित जागांबद्दलचे वेगळे नियम आले. भाच्याने उत्साहाने पाठवले, आणि तासाभराने त्याचाच फोन: "मामा, डंपिंगचा घनकचरा त्यातून वगळलाय."

राहिली माझी बाग. तो न वाचलेला छापील कागद फाइलमधून बाहेर निघाला. "सदर माती मी स्वखुशीने व स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे." खाली माझी सही, ठसठशीत. मजूर लावून आळ्यांतली जेवढी निघाली तेवढी काढली, बांधाच्या कोपऱ्यात ढीग केला, वर निळी ताडपत्री. नगरपरिषदेचं पत्र आहे माझ्याकडे: ढीग "यथावकाश उचलण्यात येईल". ताडपत्री आतापर्यंत दोनदा बदलली.